बाबा, बर्फ आणि प्लॅन बी

मी दुसरीत असताना बाबांनी नॉर्वेहून एक पोस्टकार्ड पाठवलं होतं. नार्विक नावाचं बंदर, मागे बर्फाचे डोंगर, पुढे निळंशार पाणी. बाबा तेव्हा मालवाहू जहाजावर इंजिन रूममध्ये फिटर होते आणि त्यांचं जहाज तिथे लोखंडाचं खनिज भरायला गेलं होतं. चार महिन्यांनी ते डोंबिवलीला घरी आले, तेव्हा मी अ‍ॅटलास घेऊनच दारात उभी.

"बाबा, तिकडचा समुद्र कसा असतो?"

बाबा बूट काढता काढता म्हणाले, "गरम."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मग वाटलं, सांगायचंच नाहीये. पुढे मी विचारणं सोडून दिलं. माझ्या सगळ्या मैत्रिणी त्यांच्या बाबांना अरे-तुरे करतात. मी आईला 'तू' म्हणते आणि बाबांना 'तुम्ही'. सहा-सहा, आठ-आठ महिन्यांनी घरी येणाऱ्या माणसाला एकदम 'अरे' कसं म्हणणार?

बाबा रिटायर झाले आणि वर्षभराने त्यांची एक मोठी एफडी मॅच्युअर झाली. ती कशासाठी ठेवली होती, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. माझ्या फ्लॅटचं डाऊनपेमेंट! माझं फ्रीलान्स उत्पन्न बघून बँका लोनच्या नावाने नाक मुरडतात, त्यामुळे डाऊनपेमेंट जितकं जाड तितकं बरं. ब्रोकरने ठाण्यात दोन फ्लॅट दाखवूनही झाले होते. आणि एका रविवारी, पोह्यांवर लिंबू पिळता पिळता बाबा म्हणाले, "मला एकदा जहाजाने जायचंय. वर बसून."

वर बसून?

मग हळूहळू उलगडा झाला. तीस वर्षं बाबा जहाजात सगळ्यात खाली होते. इंजिन रूममध्ये पारा चाळीस-पंचेचाळीसच्या घरात. ड्यूटी संपली की अंघोळ, जेवण, झोप. बंदर आलं की बाकीचे लोक फिरायला जाणार आणि इंजिनवाले दुरुस्ती काढणार, कारण मशीन बंद असतं ते तेव्हाच. नार्विकचं ते पोस्टकार्ड त्यांनी एका दोस्ताकडून मागवलं होतं. स्वतः ते जहाजावरून उतरलेच नव्हते.

'गरम' हे अगदी खरं उत्तर होतं. बावीस वर्षांनी कळलं.

ताज की टेन्ट?

तर झालं असं, की मी रिसर्चला बसले. क्रूझ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, म्हणजे बारा मजले, तीन स्विमिंग पूल, कसिनो आणि रात्री बॉलिवूड नाइट, ते बाबांना नको होतं. "ते हॉटेल झालं. त्याला समुद्र कशाला पाहिजे?" असा सवाल. मग सापडल्या एक्स्पिडिशन क्रूझ. छोटं जहाज, शंभरेक प्रवासी, बर्फात चालायला मजबूत केलेला तळ, आणि एन्टरटेनर्सऐवजी पक्षी, हिमनद्या, इतिहास यातले जाणकार गाइड. दिवसातून दोनदा रबरी बोटीतून, म्हणजे झोडियाकमधून, किनाऱ्याकडे न्यायचं. संध्याकाळी दिवसभरात काय पाहिलं त्याचा क्लास.

जागा ठरली स्वालबार्ड. नॉर्वेच्या मुख्य भूमीपासून खूप वर, आर्क्टिक महासागरात असलेली ही बेटं. तिथलं मुख्य गाव लाँगइयरब्येन 78 अंश उत्तरेला आहे. उत्तर ध्रुव तिथून साधारण 1,300 किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीएवढ्या अंतरावर. अंदाज आला ना?

उशिरा सुटलेल्या जागांवर सवलत मिळाली, सगळ्यात खालच्या प्रवासी डेकवरची गोल खिडकीची केबिन घेतली, तरी दोघांचं विमान, व्हिसा, इन्शुरन्स धरून बिल दहा लाखांच्या वर गेलं. बाबांच्या एफडीतले सात, बाकी माझे. ठाण्याच्या ब्रोकरचा फोन मी तीनदा कट केला. रात्री पोटात गोळा यायचा तो वेगळाच.

आणि आई? ती म्हणाली, "आयुष्यभर त्या समुद्राची वाट बघितली. आता तो बघायला पैसे कशाला देऊ?" यावर आमच्या दोघांकडे उत्तर नव्हतं. तिने मेतकुटाची बाटली मात्र बॅगेत भरली.

चिवडा आणि व्हॅक्युम क्लीनर

ऑस्लोहून तीन तासांचं विमान लाँगइयरब्येनला उतरवतं. अडीच हजाराच्या आसपास वस्तीचं गाव. झाड औषधालाही नाही. मांजर पाळायला बंदी. म्युझियममध्ये शिरताना बूट बाहेर काढायचे, ही कोळशाच्या खाणींच्या दिवसांतली सवय अजून टिकून आहे. (बाबा एकदम खूश. "देवळासारखं!") गावाच्या टोकाला ध्रुवीय अस्वलाचं चित्र असलेली पाटी. तिच्यापुढे अस्वलापासून बचावाची सोय असल्याशिवाय जायचं नाही.

जहाजावर चढल्यावर पहिला कार्यक्रम काय असेल? वेलकम ड्रिंक? छे! व्हॅक्युम क्लीनर. इथल्या जमिनीवर बाहेरचं एकही बी पडू नये म्हणून प्रत्येकाचे बूट, बॅगा, जॅकेटचे खिसे, वेल्क्रोच्या पट्ट्या साफ करायच्या. माझ्या बुटांतून पनवेलच्या ट्रेकची माती निघाली. बाबांच्या खिशातून निघाला चिवडा. आणि त्यांच्या जुन्या खाकी सॅकच्या वेल्क्रोतून चिमट्याने एकेक करत निघाली कुसळं, थेट गुहागरच्या आमच्या घरामागच्या गवताची! गाइडने ती उजेडात धरून कौतुकाने बघितली आणि विचारलं, ही कुठली? बाबा म्हणाले, "माय व्हिलेज." कुसळं कचऱ्याच्या डब्यात गेली. चिवडा केबिनमध्ये ठेवायला परवानगी मिळाली. किनाऱ्यावर खाणं न्यायचंच नाही, हाही नियम.

झोडियाकमध्ये चढताना हात कसा द्यायचा, हे सगळ्यांना शिकवलं. पंजात पंजा द्यायचा नाही. एकमेकांचा मनगटाच्या वरचा हात पकडायचा, म्हणजे ओल्या हातमोज्यातूनही सुटत नाही. माझा पहिल्यांदा गोंधळ झाला. बाबांनी खलाशाचा हात असा काही पकडला, की त्या फिलिपिनो पोऱ्याने लगेच ओळखलं. "सीमन, सर?" त्या दिवसापासून जहाजावर बाबांचा रुबाब वाढला आणि माझी ओळख 'मोटरमन्स डॉटर'. फिटर की मोटरमन या तपशिलात बाबा शिरले नाहीत.

पण दुसऱ्या दिवशी प्रवाशांसाठी इंजिन रूमच्या टूरची यादी लागली, तेव्हा सगळ्यांनी धावत जाऊन नावं लिहिली. बाबांनी नाही लिहिलं.

"बाबा, चला ना. तुम्ही मला दाखवा."

"मी खाली जात नाही," बाबा म्हणाले आणि कॉफीचा मग घेऊन डेकवर गेले. जून महिना, सूर्य मावळतच नव्हता. रात्री दोन वाजता बघितलं, तरी बाबा वरच. उन्हात, कानटोपी घालून, हाताची घडी घालून. बोलणं काही नाही.

फोन बंद, हिमाद्री चालू

जहाजावर सॅटेलाइटचं नेट होतं, आणि खरं सांगते, पहिल्या दिवशी मी डेकवर उभी राहून एका एडिटरला करेक्शन्स पाठवत होते. न्यू ऑलेसुंडला मात्र सक्तीने सुटका झाली. हे 79 अंशांजवळचं संशोधकांचं गाव. तिथली उपकरणं अवकाशातून येणारे अगदी क्षीण सिग्नल टिपतात, त्यामुळे जवळ येण्याआधीच फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करायचं. शंभर माणसं एकाच वेळी एअरप्लेन मोडवर!

गाव मूळचं कोळशाच्या खाणीचं. 1962 मध्ये खाणीतल्या स्फोटात 21 कामगार गेले, पुढच्याच वर्षी खाण बंद झाली, आणि मग शास्त्रज्ञ आले. गावाबाहेर एक उंच लोखंडी मनोरा आहे. 1926 मध्ये अमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले यांचं 'नॉर्गे' हे हवाई जहाज याच मनोऱ्याला बांधलेलं होतं. इथून निघून ते उत्तर ध्रुवावरून थेट अलास्काला पोहोचलं. चीनच्या केंद्राच्या दारात दगडी सिंहांची जोडी आहे. आणि मग आलं आपलं केंद्र: हिमाद्री.

आर्क्टिकमधलं भारताचं हे संशोधन केंद्र 2008 पासून सुरू आहे आणि ते चालवणारी संस्था आहे आपल्या शेजारी, गोव्यात, वास्कोला. डिसेंबर 2023 मध्ये भारताची पहिली हिवाळी मोहीम इथे आली, म्हणजे चोवीस तास काळोख असतो तेव्हा. त्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचीही माणसं होती. समोरच्या पाण्यात भारताने 2014 मध्ये मोजमापाची यंत्रं बुडवून ठेवली आहेत. आर्क्टिकमधल्या बदलांचा आपल्या मान्सूनशी काय संबंध, हा इथल्या अभ्यासाचा एक विषय. म्हणजे गुहागरला पाऊस कसा पडेल, याचा थोडा हिशेब इथेही चालतो!

गंमत म्हणजे आपला इथला संबंध हिमाद्रीच्याही आधीचा आहे. स्वालबार्डवर नॉर्वेचा ताबा मान्य करणारा करार 1920 मध्ये पॅरिसला झाला, तेव्हा ब्रिटिश साम्राज्याबरोबर भारताचंही नाव त्यावर आलं.

बाबा हिमाद्रीच्या साध्या लाकडी घरासमोर बराच वेळ उभे होते. फोन बंद, त्यामुळे मीही नुसती उभी. मग ते आपण होऊन बोलायला लागले. 2001 मध्ये अटलांटिकमध्ये इंजिन बंद पडलं होतं, अकरा तास जहाज नुसतं लाटांवर हेलकावे खात होतं, आणि त्यांनी एक पार्ट लेथवर घडवून बसवला होता. हे मी पहिल्यांदा ऐकत होते. त्या वर्षी आईने मला सांगितलं होतं, की बाबांची तार आली, ते मजेत आहेत.

"घाबरला नाहीत?"

"वेळ नव्हता," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "नंतर घाबरलो."

जुने बर्फ, जुनी पापं

दुपारी '14 जुलै' नावाच्या हिमनदीसमोर झोडियाक नेली. फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाचं नाव! मोनाकोचे प्रिन्स अल्बर्ट पहिले यांच्या मोहिमांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथले नकाशे बनवले, त्यांची ही आठवण. बर्फाची निळी भिंत कधी कोसळेल सांगता येत नाही, म्हणून बोट दोनशे मीटरच्या बाहेरच थांबते. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि सगळीकडून तडतड ऐकू यायला लागली. अगदी फोडणीत मोहरी टाकावी तशी! हिमनदीच्या बर्फात जुनी हवा दाबून अडकलेली असते. बर्फ वितळला की ते बुडबुडे फुटतात.

तिसऱ्या दिवशी मॅग्डालेना फियोर्ड. फियोर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली, डोंगरांत खोल घुसलेली खाडी. इथल्या ग्रावनेसेट या टोकावर व्हेल मारायला आलेल्यांच्या सुमारे 130 कबरी आहेत. बॅरेन्ट्सने 1596 मध्ये ही बेटं पाहिली आणि पुढच्या शतकात युरोपातले व्हेलमारे इथे तुटून पडले. जवळच्या एका बेटावर तर डचांनी व्हेलची चरबी उकळण्याचं ठाणंच उभारलं. त्याचं नाव स्मीरेनबर्ग, म्हणजे जवळपास 'चरबीचं गाव'. बोहेड व्हेल इथून जवळजवळ संपलेच. मग वॉलरसची पाळी. त्यांना 1952 मध्ये संरक्षण मिळालं. ध्रुवीय अस्वलांना 1973 मध्ये.

गाइड हे सांगत होती आणि बोटीतला एक काका तिला थांबवून म्हणाला, "मग आता आपण येतो, त्याचं काय?"

बोटीत एकदम शांतता. हा प्रश्न माझ्याही मनात मुंबईचं विमान उडाल्यापासून होता. बर्फ वितळतोय म्हणून तो बघायला जायचं, आणि जायचं कसं, तर जेट फ्युएल जाळत! स्वालबार्ड हा पृथ्वीवरच्या सगळ्यात वेगाने तापणाऱ्या भागांपैकी एक आहे. 25 जुलै 2020 ला लाँगइयरब्येनच्या विमानतळावर 21.7 अंश नोंदले गेले, तिथला विक्रम. गाइडने गुळमुळीत उत्तर दिलं नाही. म्हणाली, "तुमच्या येण्याने फायदा होतो, असं मी म्हणणार नाही. नियम आहेत ते नुकसान कमी करायला."

नियम खरंच कडक आहेत. 2022 पासून या समुद्रात जड, डांबरासारखं जहाजी तेल वापरायला बंदी आहे. (बाबा पहिल्याच दिवशी डेकवर नाक उडवून म्हणाले होते, "एचएफओचा वास नाही. डिझेलवर आहे.") 1 जानेवारी 2025 पासून संरक्षित भागात 200 पेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजांना प्रवेश नाही आणि तिथे फक्त ठरवून दिलेल्या 43 जागीच उतरता येतं. यामुळे मी दोषमुक्त झाले असं मला वाटत नाही. तुम्हाला जायचं असेल, तर हा हिशेब तुमचा तुम्ही मांडा. मी फक्त एवढंच सांगते, की तो मांडावा लागतो.

प्लॅन बी, प्लॅन सी...

आमच्या पिढीचा प्लॅनिंगवर जाम विश्वास. मी तर ट्रिपची एक्सेल शीट केली होती. कुठल्या दिवशी काय दिसणार, कुठला फोटो, कुठल्या मासिकाला कुठली स्टोरी. शीटवर सगळ्यात ठळक ओळ होती हिनलोपेन सामुद्रधुनीतली आल्केफियेल. काळ्या दगडाचे उभे कडे आणि त्यावर गिलेमॉट पक्ष्यांच्या सुमारे 60,000 जोड्या.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला स्पीकरवरून कॅप्टनचा आवाज आला. रात्रीत वारा फिरलाय, हिनलोपेनचं तोंड बर्फाने भरलंय. आपण परत फिरतोय.

डायनिंग हॉलमध्ये लोकांचे चेहरे बघण्यासारखे होते. इतके पैसे भरून? रिफंड मिळेल का? मी पण तोंड पाडून बसले. आणि बाबा टोस्टवर मेतकूट भुरभुरत म्हणाले, "अगं, वारा काय तुझी शीट वाचतो?"

मग त्यांनी सांगितलं, की समुद्रावर तारखा कधीच आपल्या नसतात. माझ्या मुंजीएवढ्या वयाच्या चुलतभावाची मुंज, आजीचे शेवटचे दिवस, माझे सात वाढदिवस. घरी यायचं ठरलेलं असायचं, आणि मग बंदरात जागा नाही, वादळ आहे, बदली माणूस आला नाही. "तुला वाटायचं, बाबांनी प्रॉमिस मोडलं," ते म्हणाले. "बरोबरच होतं तुझं. पण मी मोडलं नव्हतं."

मी टोस्ट खात राहिले. काय बोलणार? सात वाढदिवस त्यांनी मोजले होते. मला वाटायचं, मीच मोजलेत.

पाचशे मीटर

प्लॅन बी होता लिफ्डे फियोर्ड आणि त्याच्या टोकाची मोनाको हिमनदी. दुपारी झोडियाक उतरवायच्या, लाइफ जॅकेट चढवून सगळे रांगेत. आणि पुन्हा स्पीकर. झोडियाक रद्द! हिमनदीसमोरच्या गोठलेल्या पाण्यावर अस्वल आहे.

सगळे धावत वर. मी दुर्बीण लावली. आधी काहीच दिसेना. पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार? मग कळलं, अस्वल पांढरं नसतंच. ते पिवळसर असतं, जुन्या लोकरीसारखं. बर्फावर एक पिवळसर ठिपका हलत होता. बाबा दुसरीकडेच बघत होते.

"अरे बाबा, तिकडे नाही, इकडे बघ ना!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग इकडे बघितलं.

नियम असा, की 1 मार्च ते 30 जूनपर्यंत अस्वलापासून निदान 500 मीटर लांब राहायचं, बाकीच्या काळात 300. अस्वल झोपलेलं असेल तर सोपं. हे अस्वल उठलं, नाक वर केलं, आणि सरळ जहाजाकडे चालायला लागलं. डेकवर शंभर माणसं, एक आवाज नाही. नुसते कॅमेरे. ठिपक्याला पाय आले, मग मान, मग चाल. पुढच्या दोन मिनिटांत आयुष्यभराचा फोटो मिळणार, हे प्रत्येकाला कळत होतं.

बाबांनी रेलिंगवर तळवा ठेवलेला होता.

"मागे घेतायत," ते हळूच म्हणाले.

मला काही जाणवलं नव्हतं. अर्ध्या मिनिटाने बर्फ आमच्यापासून लांब जायला लागला. मग कॅप्टनची घोषणा: अस्वल जवळ येतंय, त्यामुळे आपण मागे जातोय. माझ्या शेजारचा फुटभर लेन्सवाला माणूस चरफडला. खरं सांगू, मलाही क्षणभर वाटलं, अजून थोडं थांबले असते तर? अस्वल थांबलं. आमच्याकडे बघितलं, कंटाळलं आणि वळून चालू लागलं. पुन्हा ठिपका.

"कसं कळलं तुला?" मी विचारलं.

"हातात येतं," बाबा म्हणाले. "खाली एक माणूस असणार आत्ता. वरून ऑर्डर आली की मशीनकडे बघत बसायचं. अस्वल कुठल्या बाजूला आहे, त्याला ठाऊक पण नसणार."

संध्याकाळी ते रिसेप्शनला गेले आणि इंजिन रूमच्या टूरच्या यादीत नाव लिहून आले. टूर झाल्यावर सगळे वर आले, बाबा खालीच. तासाभराने आले, ते हसतच. माझ्या कॅमेऱ्यातला अस्वलाचा फोटो त्यांनी त्या शिफ्टच्या पोरांना दाखवला होता. पोरांनी तो त्यांच्या फोनवर मागून घेतला.

तसा तो फोटो काही खास नाही. पाच मेगाबाइटची फाइल आणि त्यात तांदळाएवढं अस्वल. कुठल्याही मासिकाने छापला नसता.

जाणार असाल तर...

- व्हिसा: स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण तिथे जाणारं विमान नॉर्वेतून सुटतं आणि स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे. म्हणजे जाताना एकदा आणि परतताना पुन्हा शेंगेनमध्ये शिरायचं. त्यामुळे शेंगेन व्हिसा डबल किंवा मल्टिपल एन्ट्रीचाच घ्या.
- सीझन: मे-जूनमध्ये बर्फ जास्त, देखावा भारी, पण वाटा बंद होण्याची शक्यताही जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी मोकळं होतं, बेटांना फेरी मारायची शक्यता वाढते, किनाऱ्यावर चालणंही जास्त.
- जहाज: लहान तितकं बरं. मोठ्या जहाजावर उतरायला पाळ्या लागतात आणि तुमचा वेळ रांगेत जातो. ब्रोशरवरच्या मार्गापेक्षा 'किती गाइड, किती झोडियाक' हे विचारा.
- कपडे: थरावर थर. आतून लोकर किंवा सिंथेटिक, बाहेरून वॉटरप्रूफ पॅन्ट हवीच. जीन्स घरी ठेवा. गमबूट जहाजावर मिळतात का, आधी विचारा, बॅगेचं वजन वाचेल.
- उलटी: गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्या. बाकी बाबांचा फंडा: कोरडा पाव, आलं आणि नजर क्षितिजावर. मोबाइलवर तर मुळीच नको!
- इन्शुरन्स: दुर्गम भागातून हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते बारीक अक्षरात वाचा.
- ड्रोन: संरक्षित भागात बंदी. घरीच ठेवा.
- खर्च: साधारण आठ-दहा दिवसांच्या सफरीला माणशी पाच लाखांपासून पुढे, विमान वेगळं. शेवटच्या क्षणाच्या सवलती खऱ्या असतात, पण व्हिसाचा वेळ हातात ठेवा.

आणि फ्लॅट?

परतीच्या वाटेवर वॉलरस दिसले, गाद्यांच्या ढिगासारखे पडलेले आणि ससून डॉकच्या वरताण वास मारणारे. बाबांना ते अस्वलापेक्षा जास्त आवडले. आल्केफियेल राहिलंच. माझ्या एक्सेल शीटमधल्या अकरापैकी चार गोष्टी झाल्या.

फ्लॅट तूर्तास लांबलाय. ठाण्यातले ते दोन्ही विकले गेले, ब्रोकरने आवर्जून कळवलं. मी आणखी दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात आणि रविवारी डोंबिवलीत. कधीकधी रात्री ते सात लाख डोळ्यांपुढे येतात, नाही असं नाही.

घरी पोहोचलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता. आईने दार उघडलं. बाबा स्टुलावर बसून बूट काढायला लागले. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "कसा होता मग समुद्र?"

बाबांनी एक बूट काढला, दुसरा काढला.

"थंड," ते म्हणाले. आणि मग, आमच्या घरात पहिल्यांदाच, पुढे सांगायला लागले.